खालच्या फळीवरचा गेम

आमच्या काकांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. नवा गेम आला की काका आधी त्याचा डेमो, म्हणजे फुकटात खेळायला मिळणारा नमुना, दुकानातल्या टीव्हीवर उभ्या उभ्या खेळून बघतात. आवडला तर गेम दर्शनी काचेत, नाहीतर खालच्या फळीवर. पूर्ण गेम खेळायच्या भानगडीत ते पडतच नाहीत. "शितावरून भाताची परीक्षा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माणूस लाखाचा, पण हट्टी म्हणजे किती!

मध्यंतरी दीपगृहाचा एक गेम आला. त्याच्या डेमोत नुसते जिने चढायचे आणि दिव्याची काच पुसायची. काका वैतागले. "घरची कामं काय कमी आहेत?" जसं काही घरच्या काचा हेच पुसतात! गेम खालच्या फळीवर गेला.

काकूंनी तो गुपचूप घरी आणला. आठवड्याभरातच काका सोफ्यामागे उभे राहून ओरडायला लागले, "अगं, दिवा डावीकडे फिरव! जहाज खडकावर आपटेल!" वादळं काय, चाचे काय, हातातला चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नाही.

"मग हे डेमोत का नाही दाखवलं? शुद्ध फसवणूक आहे ही!" काका चिडले.

काकूंनी जहाज सुखरूप बंदरात आणलं आणि मगच मान वळवली.

"आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तुम्ही तासभर फक्त पंख्याच्या आवाजाबद्दल बोललात. मीही तुम्हाला खालच्या फळीवर टाकलं असतं तर?"