पाहुण्याची पंधरा दिवसांची मुदत

पन्नाशी उलटलेल्या माणसानं पोपटासाठी इतकं हरखून जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण वसमतहून बायकोला घेऊन नांदेडच्या एसटीत बसलो तेव्हा मी अक्षरशः हवेत होतो. लहानपणी ज्वारीच्या कणसांवर उतरणारे हिरवे राघू हाकलायला मला मचाणावर बसवायचे आणि मी हाकलायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहायचो. एक तरी राघू आपला असावा, ही हौस तेव्हापासूनची. पण आपले हिरवे राघू पाळणं गुन्हा आहे. म्हणून दुकानात मिळतो तो कॉकॅटिल आणायचं ठरलं. करडं अंग, डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकला.

ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायकोनं आदल्या संध्याकाळी अट घातली होती. "पंधरा दिवसांत तुमच्या हातावर येऊन बसला तर आपला. न्हाई तर परत. पिंजऱ्यात भिऊन बसलेला जीव मला घरात नको." एवढं बोलून ती दोनदा शिंकली. तिची संध्याकाळची सर्दी जुनीच आहे.

दुकानदार मला पांढराशुभ्र, देखणा पोपट दाखवत होता. पण दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी पक्का झालो होतो. डोळे चमकतात का, नाक कोरडं आहे का, पिसं फुगवून तर बसला नाही ना, शेपटीखाली स्वच्छ आहे का, सगळं वाकून वाकून बघितलं. बायको म्हणाली, "अहो, सोयरीक करून राहिले का?" तेवढ्यात कोपऱ्यातला एक करडा पठ्ठ्या तुरा उभारून पुढं आला आणि माझ्या बोटावर चढून बसला. झालं! दुसरा बघायचा प्रश्नच नव्हता. दुकानदार म्हणाला, "पंधरा दिवसांत नाही जमलं तर आणून द्या काका." बायकोनं माझ्याकडे मुद्दाम बघितलं.

घरी पिंजरा बैठकीत ठेवला, फोडणीच्या धुरापासून लांब. पाणी दोन वेळा बदलायचं, राळं-बाजरी घालायची, धुतलेली कोथिंबीर टांगायची, दिवे मालवताना वर पातळ कापड टाकायचं. पहिले तीन दिवस हात लावायचा नाही, नुसतं जवळ बसून बोलायचं. बायको त्याला पाहुणा म्हणायची, कारण मुदत संपली नव्हती.

मी हळदीच्या आडत दुकानात वजनकाट्यावर असतो. सीझनमध्ये मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, हळदीचे ढिगावर ढीग ओततात. सहाला सुटलो की घरापर्यंत कुठं थांबायचो नाही. चपला काढल्या की सरळ पिंजऱ्यापाशी. तळहातावर राळं घेऊन म्हणायचो, "ये रे माझ्या राजा!" राजा तुरा ताठ करून फिसकारायचा, पार मागच्या दांडीवर जायचा आणि वरून शिंकायचा. दुकानात बोटावर चढलेला हाच का तो? आणि आठव्या दिवशी बायकोच्या हातावर मात्र तो मजेत राळं टिपत होता. माझा नुसता जळफळाट झाला. हौस माझी आणि पाखरू तिचं! बाराव्या दिवशी तर मला जेवण गोड लागेना.

चौदाव्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला मोंढा बंद. सकाळीच आंघोळ करून, बनियनवर, पिंजऱ्याच्या उघड्या दारात हात ठेवून मी पेपर वाचत बसलो होतो. बोटाला काहीतरी टोचलं. बघतो तर पाहुणा! त्या इवल्या पायांची ऊब बोटाला लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ओरडावंसं वाटत होतं, पण श्वास धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून उड्या मारतच घरी आलो, हात पुढं केला, तर पुन्हा फिसकारणं! पाठोपाठ तीन शिंका. मागून बायकोचीही एक.

"अहो, हात बघा तुमचे," ती म्हणाली.

कोपरापर्यंत पिवळे. शर्ट, कान, भुवया, सगळीकडे हळद. वसमतच्या माणसाला हळदीचा वास येत नाही, अंगावरची धूळ दिसत नाही. मी तसाच न्हाणीत गेलो, दोनदा साबण लावला, धुतलेले कपडे घातले आणि येऊन बसलो. पाच मिनिटं झाली नसतील, पाहुणा बोटावर आला, बोटावरून खांद्यावर गेला आणि माझा कान कुरतडू लागला. मी लहान पोरासारखा हसत सुटलो.

बायको हसत नव्हती. "बावीस वर्षं सांगून राहिले, आल्या आल्या आंघोळ करा, मला तकलीफ होते. तवा काय म्हणायचे तुमी?"

मला आठवलं. मी म्हणायचो, हळद म्हणजे लक्ष्मी, दारातच धुऊन टाकायची का? मोंढ्यातले सगळे असंच म्हणतात. ती शिंकत राहायची आणि मी सर्दीच्या गोळ्या आणून द्यायचो. मला मनापासून लाज वाटली.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलं." तिनं खांद्यावरच्या पोपटाला राळ्याचा दाणा दिला. "आता ऱ्हाऊ द्या याला."

मग ती कधी नव्हे ते संध्याकाळची माझ्याजवळ येऊन बसली, आणि कोणीच शिंकलं नाही.