टेबल धरणारा घोडा

सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जागा धरायला लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. क्लेमेंटी भागातले एक चिनी अंकल मात्र जुनं जपानी मंगा कॉमिक ठेवून नूडल्स आणायला जायचे.

एकदा मी ते उघडलं. घोडा बकरीसारखा, नायकाचे दोन्ही हात डावे. तेवढ्यात अंकल आले.

“चोरीला जाईल की,” मी सारवासारव केली.

“कोण नेतंय, लाह! हे काढणारा पुढे मंगाचा बाप झाला. पण हे त्याचं सुरुवातीचं काम. चोरसुद्धा हात लावत नाही.”

“मीही पुण्यात चित्रं काढायचो,” मी उगाच बोलून गेलो. “भिकार यायची. सोडून दिली, आयटीत आलो.”

माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डाकडे बघत अंकलनी सुर्रकन नूडल्स ओढल्या. “म्हणजे सुरुवातीचं काम तुझंही आहे. पुढचं कुठंय?”

असला राग आला! दुसऱ्या दिवशी मीही एक घोडा काढला, टेबलावर ठेवला आणि जेवण आणायला गेलो. परत येतो तर सफाईवाल्या आजींनी घोडा कचऱ्यात टाकून टेबल लख्ख पुसलेलं, आणि तिथे दुसरंच कुणी जेवत बसलेलं.

अंकलनी शेजारच्या टेबलावरचं आपलं कॉमिक सरकवून मला जागा करून दिली.

“छान,” ते म्हणाले. “सुरुवात झाली.”