मोठ्या भावोजींची साक्ष

माझ्या थोरल्या दिरांना एखादी गोष्ट पोटात ठेवायला सांगणं म्हणजे स्वतःहून मनस्ताप ओढवून घेणं, हे मला लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच कळलं होतं. आमच्या ह्यांना ते जन्मभर कळलं नाही. आणि नेमकी ह्यांची वकिलीची सनद राहते की जाते, हे भावोजींच्या एका वाक्यावर येऊन ठेपलं.

आमचं घर पंचवटीतलं, क्षेत्रोपाध्यांचं. मोठे भावोजी रोज सकाळी नाशिक रोडच्या स्टेशनवर जायचे. गाडीतून उतरणाऱ्याला "कुठले आपण? आडनाव काय?" एवढं विचारलं की हे यजमान कोणत्या उपाध्यांच्या घरचे ते त्यांना उमगायचं. दुसऱ्याचे असले तर त्या उपाध्यांच्या हवाली करायचे, आपले असले तर टांग्यात घालून घरी आणायचे. मग गंगेवरचं पिंडदान, जमलं तर त्र्यंबकेश्वर, आणि तोवर त्या सगळ्यांचं खाणंपिणं आमच्याकडे. जाऊबाई वारलेल्या, त्यामुळे चूल माझ्या एकटीच्या गळ्यात. कोण नि किती माणसं येणार ते टांगा दारात थांबेपर्यंत कळायचं नाही. भात टाकला की आणखी दोन डोकी आत यायची, आणि भावोजी ओट्यावरून सांगायचे, "आपलीच माणसं आहेत हो." आपली नसतील तर माझ्या डोक्यावर मिरे वाटायला कशाला येतील, असं मी पातेल्यालाच सांगायची.

आमचे हे धाकटे. उपाध्येपण नको म्हणून हट्टाने कायदा शिकले, आधी एकदा नापास होऊन मग त्यांनी सनद मिळवली. रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडलं, दारावर पाटी लावली. आता जिल्ह्यातली माणसं अशी की सिन्नरकडची असोत नाहीतर बागलाणातली, कोर्टाचं काम आणि बापाचं श्राद्ध एकाच खेपेत उरकायची. भावोजी त्यांना वाढता वाढता वाटणीचं भांडण, बांधाचं भांडण, सगळं काढून घ्यायचे, आणि हात धुऊन झाले की माणसाला दंडाला धरून पुढच्या खोलीत नेऊन बसवायचे. "वकील, ह्यांचं बघ." ते धाकट्या भावाला वकील अशीच हाक मारायचे. त्या हाकेत त्यांना केवढा आनंद होता ते आता आठवलं की बरं वाटतं. तेव्हा मात्र चीड यायची.

कारण हे घाबरायचे. वकिलाने माणसं लावून पक्षकार गोळा करू नयेत, तसं केलं तर सनद जाते, हे ह्यांनी भावाला किती वेळा समजावलं असेल. भावोजी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाला तरी दंडाला धरून आणायचे. "मी कुठं गोळा करतो? ते आपल्याच घरी उतरलेत," म्हणायचे. ह्यांनाही ठाम नाही म्हणवत नव्हतं. थोरल्या भावापुढे तोंड उघडायचं नाही आणि रात्री मला नियम ऐकवायचे, हा त्यांचा बाणा. मी काय हायकोर्ट होते?

व्हायचं तेच झालं. कोर्टाजवळ राहणाऱ्या एका वकिलाने तक्रार केली की हे स्टेशनवर दलाल ठेवून पक्षकार पळवतात. जिल्हा न्यायाधीशांपुढे चौकशी लागली. ह्यांना अन्न गोड लागेना. ज्यांच्या हाताखाली हे शिकले होते ते म्हातारे वकील धावून आले आणि त्यांनी भावोजींना समोर बसवून एक वाक्य पाठ करायला दिलं: यात्रेकरू देवकार्यासाठी येतात, वकिलीशी माझा संबंध नाही. बस, पुढे अवाक्षर नाही. चार दिवस घरात तीच घोकणी चालू होती. मी पोळ्या लाटता लाटता उलटतपासणी करायची आणि भावोजी पाटावर बसून उत्तर द्यायचे. अख्खं रुद्र मुखोद्गत असलेल्या माणसाला एवढं एक वाक्य धड येईना. दर वेळी शेवटी आपलं काहीतरी चिकटवायचेच. शेवटी मी म्हटलं, वाक्य संपलं की मनात विष्णुसहस्रनाम सुरू करा, म्हणजे तोंड अडकून राहील.

चौकशीला मी नव्हते. म्हाताऱ्या वकिलांनी घरी येऊन कपाळावर हात मारत सगळं सांगितलं. भावोजी पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीश कऱ्हाडकडचे गृहस्थ होते. त्यांनी नाव, धंदा विचारला. भावोजींनी सांगितलं, आणि मग जन्मभराची सवय कुठे जाते? त्यांनी हात जोडून विचारलं, "आणि साहेब मूळचे कुठले? आडनाव तेच का, पाटीवरचं?" कोर्टात हशा पिकला. साहेबांनी नको तेव्हा सौजन्य दाखवून गावाचं नाव सांगितलं. झालं. भावोजींचा चेहरा उजळला. त्यांनी भर कोर्टात जाहीर केलं की साहेबांच्या आजोबांची उत्तरक्रिया आमच्या वडिलांनी केली, साहेबांचे चुलते अमुक साली आमच्याच माडीवर उतरले होते, तेव्हा साहेब तर आमचेच यजमान, आणि आता मुक्कामाला बंगल्यात न राहता घरी यावं.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आपल्याच घरच्या उपाध्यांवर मेहेरनजर केली असं कोणी म्हणू नये म्हणून ते पुढे भलतेच काटेकोर झाले. त्यांनी थेट विचारलं की घरी उतरलेल्या पक्षकारांना तुम्ही भावाकडे पाठवता का.

"पाठवत नाही," भावोजी म्हणाले. म्हाताऱ्या वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. "मी स्वतः नेऊन बसवतो. आपल्या घरचा माणूस दुसऱ्याच्या दारी कसा जाऊ देईन?"

साहेबांचा अहवाल वर गेला आणि हायकोर्टाने वर्षभरासाठी सनद तहकूब केली.

पाटी उतरवून माळ्यावर टाकली. हे दिवसभर पुढच्या खोलीत बसून तेच ते जुने कायद्याचे ग्रंथ चाळायचे. घर चाललं ते भावोजींच्या स्टेशनावर. त्यांनी त्याचा एका शब्दाने उच्चार केला नाही, आणि चूकही कबूल केली नाही. मला विचारलं, मी सांगितलं, असं म्हणायचे. मी संतापाने धुमसत भात उपसायची. असल्या निष्पाप माणसावर ओरडताही येत नाही, आणि न ओरडून जीव नुसता कातावतो.

एकदाच त्यांनी म्हाताऱ्या वकिलांना तो निकाल मराठीत वाचून दाखवायला सांगितला. त्यात त्यांच्या नावापुढे दलाल असा शब्द होता. भावोजींनी तो पुन्हा वाचायला लावला. मग उपरणं झटकून गंगेवर निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वर्षाने सनद परत मिळाली. ह्यांनी पाटी पुसून लावली, कोट इस्त्री करून आणला. टांगे पूर्वीसारखेच दारात थांबत होते, पंक्ती पूर्वीसारख्याच उठत होत्या, पण पुढच्या खोलीत चिटपाखरू फिरकेना. ह्यांना वाटलं, बदनामी झाली. मलाही तेच वाटलं.

मग एका दुपारी मी परसात भांडी विसळत होते. सिन्नरकडची एक विधवा बाई, सकाळीच नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालेली, हातात कागदांचं बोचकं घेऊन मागच्या दाराशी उभी होती. दिराने जमीन दाबली होती म्हणे. मी म्हटलं, बाई, वकील पुढच्या खोलीत आहेत, इथं काय करता.

ती म्हणाली, "म्हाराज म्हनले, त्या दारानं जायचं नाय. ते मला दुसऱ्या वकिलाकडं नेनार हायेत. कोर्टापाशी ऱ्हातात ते."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भावोजी उपरणं सावरत आले. एरवी मी त्यांच्याशी चुलीकडे तोंड करूनच बोलायची, पण त्या दिवशी पदर सारखा करून विचारलं, तक्रार केली त्याच माणसाकडे नेता? आमच्या घरचा घास?

"त्याला माणसं हवी होती म्हणूनच त्याने तक्रार केली ना?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता मी त्याच्याकडे आणून घालतो. आता तो आपल्या वकिलाच्या वाटेला जाणार नाही."

वर्षभर ह्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते. ज्या नियमापायी आमचं वर्ष बुडालं, तो त्यांना अजूनही कळलेला नव्हता. पूर्वी ते दलाल नव्हते, आता भावापायी खरोखरच झाले होते, आणि तेही त्या तक्रारखोराचे, फुकट.

मी तरातरा पुढच्या खोलीत गेले आणि ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ता उठा आणि त्यांना थांबवा. हे उठले, खिडकीशी गेले. बाहेर भावोजी त्या बाईला घेऊन बोळातून निघाले होते. खिडकीशी येताच ते थबकले, पण आत बघितलं नाही, समोरच बघत राहिले.

"मी तुझ्याकडे कोणाला आणत नाही हं, वकील," ते म्हणाले.

ह्यांनी गज धरले. मला वाटलं, आता तरी बोलतील.

"बरं, दादा," हे म्हणाले.