मरियाबाईंचं कोंबडीचं गाणं

मरियाबाई पारख्यांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. घोगरा, फाटका, मधेच विरून जाणारा. राहुरीजवळच्या एका वस्तीवर त्या अंगणवाडी चालवतात आणि ह्याच आवाजात पोरांना गाणी शिकवतात. आता बोला! धडधाकट गळ्याची माणसं गाणं म्हण म्हटलं की लाजून कोपरा धरतात, आणि ही बाई रोज सकाळी खंजिरी घेऊन बसते.

पाच वर्षांच्या असताना त्यांच्या स्वरयंत्रावर गाठी वाढल्या. कॅन्सरच्या नव्हेत, साध्याच; पण भारी चिवट. ऑपरेशन करून काढल्या की काही दिवस बरे जातात आणि पुन्हा हजर. सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं, "एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, त्याच्यामुळे हे होतं. चामखीळच समजा, फक्त गळ्यात आलेली. बहुतेक जन्माच्या वेळी आईकडून आला असेल, आणि त्या माउलीला पत्ताही नसेल."

चामखिळीला गावाकडं घोड्याचा केस बांधतात. "गळ्यात केस बांधायला कोण उतरणार?" म्हणून मरियाबाई हसल्या होत्या. त्या हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

नोकरी लागल्यावर पहिल्याच पालकसभेत त्यांनी हे सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांना जमतच नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले.

गेल्या पावसाळ्यात मात्र सहादेव चार-पाच पालकांना घेऊन अंगणवाडीच्या दारात उभा राहिला. त्याची निकिता बाईंची लाडकी.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमचा तो व्हायरस पोरांस्नी लागलाय. आमची निकिता घरी गानं म्हनती ती तुमच्यावानीच, घोगरं. ह्यांच्याबी घरात तेच हाय."

दुसऱ्या दिवशी सतरंजी रिकामी. मदतनीस आक्काबाईंनी सवयीनं खिचडी टाकली होती, ती तशीच गार झाली. मरियाबाईंना रडू आलं. नोकरीची काळजी होतीच, पण त्याहून वाईट भीती वेगळीच होती: खरंच आपल्यामुळं पोरांना काही झालं असेल तर? ऑपरेशनच्या टेबलावर त्या इतक्यांदा गेल्या, कधी हादरल्या नाहीत. त्या दिवशी हादरल्या.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "जवळ बसून, बोलून, खोकून हे लागत नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. पण फोनवरचं बोलणं वस्तीवर कोण मानणार? आणि सगळ्या पोरांचे आवाज एकदम बसले कसे? मरियाबाईंनी चपला घातल्या आणि तडक सहादेवचं घर गाठलं.

अंगणात शेळी सुटली होती आणि निकिता तिच्यामागं धावत होती. "चिंगे, फिर माघारी! आई, चिंगी मेथीत शिरली!" आवाज असा खणखणीत की शेजारची माणसं बाहेर आली.

मरियाबाई जागीच थबकल्या. मग सहादेवला खूण करून त्यांनी निकिताला जवळ बोलावलं. "कोंबडीचं गाणं म्हण बरं."

निकितानं हात जोडले, मान ताठ केली, गळा आवळला आणि अगदी बाईंच्या आवाजात, घोगरं, फाटकं, मधेच विरणारं गाणं म्हटलं.

"अगं, नीट म्हन की," सहादेव म्हणाला.

"नीटच म्हनतीय. गानं असंच असतं."

सहादेवनं खाली बघितलं. मरियाबाईंचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सहादेवनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वस्तीवरची सगळी पोरं भरून अंगणवाडीत आणून सोडली. आक्काबाईंनी त्यालाही खिचडीला बसवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मरियाबाईंचं पुन्हा ऑपरेशन झालं. ह्या खेपेला डॉक्टरांचा हात चांगला लागला. आवाज कित्येक वर्षांत निघाला नव्हता इतका मोकळा निघाला. अंगणवाडी उघडली त्या सकाळी त्यांनी मोठ्या हौसेनं खंजिरी उचलली आणि कोंबडीचं गाणं सुरू केलं.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी निकिता उठून जवळ आली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, नीट म्हना ना."