पुस्तकावरचा बर्फ

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, नवी मुंबईत बोनकोड्यातल्या आमच्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेल्या एका पुस्तकावर बर्फ जमला. मी तो नखाने खरवडून पाहिला. घरात मी आणि वहिनी, दोघंच होतो. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बातमीदार म्हणून अशा कितीतरी गोष्टींचा माग काढून मी त्या खोट्या ठरवल्या आहेत.

पुस्तक दादाचं. जुनी रशियन कादंबरी, इंग्रजी अनुवाद, जाड पेपरबॅक... वाशीत फुटपाथवर घेतलेली. दादा एपीएमसी मार्केटजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. रोज डिक्शनरी घेऊन दोन-तीन पानं वाचायचा आणि जेवताना वहिनीला गोष्ट सांगायचा.

"एकेका मानसाला तीन-तीन नावं," ती म्हणायची. "रेशनकार्डावर कुठलं लावतात?"

त्या दुपारी ती जेवायला त्याची वाट पाहत होती. टीव्ही पुसताना तिचा हात पुस्तकाला लागला.

"भाऊजी, हे बघा. बर्फ हाय."

कव्हरवर पांढरी, बारीक साय धरली होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं.

"रशियाचं पुस्तक ना, वहिनी. तिकडे थंडी असते."

ती हसली नाही. तिने पुस्तक नाकाशी धरलं. "त्यांच्या जॅकेटचा वास येतोय याला... कोल्ड रूमचा. फोन लावा त्यांना."

दादाने फोन उचलला नाही. मी कोल्ड स्टोरेजच्या गेटवरच्या वॉचमनला लावला.

"साब खाना खाने गए होंगे," तो म्हणाला.

वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला. "खाने को वो घर आते हैं! पैला सब कोल्ड रूम खोलो, बाद में बोलो!"

दादा गोठवलेल्या मटारच्या खोलीत सापडला. मिनिटभराचं काम म्हणून जॅकेट खुर्चीवर आणि फोन टेबलावर ठेवून आत गेला होता. दाराचं आतलं हँडल तुटलं होतं. तो शुद्धीवर होता, पण उभं राहता येत नव्हतं.

आमच्या घरात एसी नाही. वहिनीने पुस्तक फ्रीजरमध्ये ठेवलं असेल, ही शंका मीही घेतली. बोंबील बाहेर काढूनही ते त्या बर्फाने चिंचोळ्या झालेल्या कप्प्यात मावत नाही — मी ठेवून पाहिलं. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये दादा बोलायला लागला. झोप लागली की संपलं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो जागं राहायला कादंबरीची गोष्ट पहिल्यापासून, मोठ्याने, स्वतःलाच सांगत बसला होता.

"कुठवर आला होतास?" मी विचारलं.

"नदी गोठलेली असते... घोडा बर्फावर पाय ठेवायला तयार नसतो. तिथवर. मग दार उघडलं."

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. दादाची खूण, मटारच्या पिशवीची एक पट्टी, शेवटाकडे होती. ओली पानं पहिल्या पानापासून सुरू होत होती. घोडा नदीकाठी थांबतो ते पान ओलं होतं. पुढचं पान कोरडं होतं.