वाकायची भीती

फैजपूरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या बाईची पिशवी बसच्या पायरीत अडकली होती. ती वर घ्यायला मी वाकले आणि कंबरेत अशी कळ उठली की दांडा धरून तशीच उभी राहिले. मी एसटीत कंडक्टर. जळगाव ते सावदा ही माझी नेहमीची फेरी. त्या दिवशी पुढची तिकिटं बसल्या जागेवरूनच दिली. दोन दिवस पडून राहिलं की बरं वाटेल, असं घरी सांगितलं.

आठ महिने झाले तरी बरं वाटलं नाही. एमआरआय पाहून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "चकती थोडी सरकलीय. ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम करा, हिंडत-फिरत राहा." मी घरी येऊन रिपोर्टातला एकेक शब्द मोबाइलवर शोधला आणि अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या हकिकती वाचत बसले.

दुखणं दिवसभर सारखं नसायचं. धास्ती मात्र सारखी असायची. शिंक यायला लागली की मी भिंत धरायचे. खाली पडलेला चमचा तसाच राहायचा. भुसावळपर्यंतचे सगळे गतिरोधक मला पाठ झाले होते. प्रत्येकाच्या आधी श्वास कोंडून धरायचे आणि तो गेला की पुढच्याची वाट बघायचे.

डेपोत मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. एक जण हसत म्हणाला, "ताई, मजा आहे तुमची." त्यानंतर मी फाटकापासूनच कंबरेवर हात ठेवून चालायला लागले. कमी दुखत असेल त्या दिवशीही. लोकांना खोटं वाटू नये म्हणून. पुढे पुढे माझं मलाच कळेना, आज खरंच किती दुखतंय.

धुळ्याला माहेरी जाणं बंद झालं. अडीच तास बसायचं या विचारानेच घाम फुटायचा. भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही. नवरा एकटा जाऊन आला आणि म्हणाला, "सगळे तुलाच विचारत होते." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मनात आलं, आपण नसलो तर या घराचं काय अडणार आहे? विचार आला तो गेला नाही. दोरीवर ओला टॉवेल तसाच टाकून मी खाली आले आणि दाराला कडी लावून बसले.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी दवाखान्यात व्यायामाला जात होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "झोप लागते का?" मला रडूच आलं. कपडे वाळत घालतानाचं सगळं सांगितलं. त्यांनी मला एकटीला घरी जाऊ दिलं नाही. नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि मनाच्या डॉक्टरांकडे आजच जा म्हणाल्या.

"म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. पाठ खरीच दुखतेय. पण इतके महिने तुम्ही घाबरून अंग आवळून बसलाय. त्यानं पाठ आणखी दुखते, आणि दुखलं की तुम्ही आणखी घाबरता. दोन्हींवर औषध करायला नको का?"

मनाच्या डॉक्टरांनीही जवळपास तेच सांगितलं. गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला बोलावलं. मला कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी तोंडाला ओढणी बांधून जायचे.

नवऱ्याने सगळं मायला कळवलं. माझी माय, पंच्याहत्तरीची, धुळ्याहून एकटी बसने आली. आल्या आल्या माझ्या शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुना बापनं बी असंच व्हतं. आमले कोनले समजनं नही."

माझे वडील, आमचे दादा, धुळ्याच्या बाजारात हमाल होते. मी शाळेत असताना त्यांची पाठ गेली. नंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, हाक मारली तरी ओ देत नसत. घरात सगळे त्यांना कामचुकार म्हणायचे. मीही म्हटलं होतं, त्यांना ऐकू जाईल असं. ते कधी काही बोलले नाहीत. माझ्या लग्नाआधीच गेले.

"तू बोलत राहा," माय म्हणाली. "तुना बापनी कधी सांगंच नही."

त्या दिवशी आम्ही दोघी दादांबद्दल संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. ते कुठल्या कुशीवर झोपायचे, रात्री उठून कुठे चालायला जायचे, हे मायला सगळं आठवत होतं.

मला सावरायला वर्ष लागलं. गोळ्या हळूहळू कमी झाल्या, व्यायाम चालू आहे. मार्च महिन्यात मी पुन्हा फेरीवर गेले. पहिल्या दिवशी भुसावळ येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाआधी दांडा घट्ट धरला. अजूनही पाठ दुखते, आणि दुखली की पहिला विचार वाईटच येतो. मग मी नवऱ्याला फोन करते आणि नुसतं सांगते, "आज दुखतंय, भीती वाटतेय." तो बहुतेक वेळा "बरं" एवढंच म्हणतो.

दिवाळीत धुळ्याला गेले. अडीच तास सलग बसायला नको म्हणून वाटेत पारोळ्याला उतरून थोडं चालले, पुढची बस घेतली.