मल्वीच्या पाणंदीची दोन फाटके

माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात मी दिवसभर खिडकीशी बसे, घराबाहेर पडत असे ती चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेपुरती. मार्चमध्ये डिम्प्ना हॅनिली गाडीच्या टपावर एक सायकल बांधून माझ्या दारात आली.

"ही काय भानगड?" मी विचारले.

"तुझी सायकल. हिला मोटर आहे, चढावर मदत करते. उतारावर देवाचं नाव घे."

"माझं वय विसरलीस का गं?"

"मी विसरेन? तुझ्या तिन्ही बाळंतपणांनंतर रोज घरी कोण यायचं?"

खरेच होते ते. लीट्रिम परगण्यातल्या आमच्या भागात डिम्प्ना जन्मभर सरकारी नर्स होती. इथली घरे टेकड्यांआड विखुरलेली. डांबरी रस्ता संपला की खडीची पाणंद आणि पाणंदीच्या टोकाला कोणीतरी आजारी. तिची छोटी गाडी रुतायची, म्हणून मागे सायकल बांधलेली असे. लोक दलदलीतून वाळवून जाळायची माती कापून आणायला ज्या वाटा वापरत, त्यांतली कुठली कुठे निघते हे तिला असे कळत गेले. लग्न केले नाही. वडिलांची गुरे आणि शेवटी वडील सांभाळले. निवृत्त झाल्यावर तिने त्या सगळ्या वाटा जोडून एक फेरी बांधली: तळ्याच्या काठाने, दलदलीतून, सरकारी जंगलातून, डांबराला जवळजवळ न शिवता.

सामानाच्या बाबतीत ती फार काटेकोर. टायर रुंद हवेत आणि त्यांत हवा जरा कमीच, म्हणजे खडीवर मणके खिळखिळे होत नाहीत. आत ट्यूब नाही. दुधासारखा पांढरा चीक ओतायचा, काटा लागला की तोच भोक बुजवतो. सांगाड्याच्या मधल्या तिकोनात पिशवी, तिच्यात पंप, रेनकोट आणि लोणी लावलेला पाव. मला आधी हे सगळे नखरे वाटले. मेमध्ये मी तिच्या दर गुरुवारच्या फेरीला निघाले. पहिल्याच गुरुवारी दलदलीतल्या खडीवरून जाताना दोन्ही बाजूंना पांढरी कापूसफुले डोलत होती, समोर स्लीव्ह ॲनिरिनचा डोंगर उभा होता, आणि मला कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली.

आम्ही तिघी जायचो. तिसरी ॲट्रॅक्टा, शाळेची बस चालवायची. दलदल आणि जंगल यांच्यामध्ये एकट्या राहणाऱ्या पॅकी मल्वीची खाजगी पाणंद होती, दोन टोकांना दोन फाटके. तिथून जाण्याचा हक्क कोणालाच नव्हता. पॅकीने मान हलवून हो म्हटले होते, तेवढ्यावर चालले होते. ती पाणंद नसेल तर उरतो हमरस्ता, लाकडाच्या ट्रकांचा. तिथे मी सायकल घालणार नव्हते. पाणंद गेली की माझा गुरुवार गेला.

आणि जूनमध्ये ती गेली. एका गुरुवारी वरच्या फाटकाला साखळी दिसली आणि पाटी: सायकलींना बंदी. शेजारच्या शेतातल्या माणसाने सांगितले, सोमवारी कोणी सायकलवाल्याने उघडे फाटक लावून टाकले. पॅकीने ते मुद्दाम उघडे ठेवले होते. ओढा आटला होता, गुरे त्याच फाटकातून तळ्यावर जात होती. पॅकी बाजाराला गेलेला. तहानलेल्या गुरांनी तार तोडली आणि एक कालवड दलदलीच्या चरात पडली. ट्रॅक्टर लावून ओढून काढली, पण लंगडते.

"डब्लिनवाले असणार," ॲट्रॅक्टा म्हणाली. "घट्ट चड्ड्या पाहिल्यास ना त्यांच्या? जीव गुदमरतो, मग डोकं कसं चालणार."

डिम्प्ना पाटीकडेच बघत होती. "सोमवारी सकाळी मी एकटीच आले होते. फाटक मी लावलं."

"गप्प बस. त्याला कुठे ठाऊक आहे? डब्लिनवाल्यांना एक शिवी जास्त, त्यात काय."

डिम्प्नाने सायकल वळवली ती थेट पॅकीच्या अंगणात. आम्ही कुंपणाशी थांबलो.

"नर्सबाई, ती पाटी तुमच्यासाठी नाही," पॅकी म्हणाला. "ती त्या मेल्या सायकलवाल्यांसाठी."

"मेली मीच, पॅकी. फाटक मी लावलं. उघडं दिसलं आणि हात गेला. ओढ्यात पाणी आहे का, ते पाहिलंच नाही."

त्याने बुटाचा चिखल पायरीवर खरवडला. "डब्लिनवाल्याला मी सोडला असता. गाय कुठल्या टोकाने पाणी पिते तेही त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"साखळी राहील."

"राहू दे. कालवडीचा पाय बघू?"

"तुम्ही माणसांच्या नर्स."

"माणसंही लाथा मारायचीच."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती पट्टी बदलायला जाई. पाणंदीचा शब्द तिने काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही. जुलैभर माझी सायकल पडवीत उभी होती आणि मी पुन्हा खिडकीशी बसू लागले होते.

महिनाअखेरीस मिस्सा सुटल्यावर पॅकीने आम्हाला चर्चच्या दारात गाठले. डोक्यावरची टोपी हातात.

"कालवड चालते. साखळी काढतो," तो म्हणाला. "पण गुरुवारी आधी माझ्या दारात यायचं. कुठलं फाटक उघडं, कुठलं बंद, ते मी सांगेन. न विचारता गेलात तर साखळी परत."

"फोन करून विचारलं तर?" ॲट्रॅक्टाने विचारले.

"फोनवर मला नीट ऐकू येत नाही."

"बैलांचा भाव बरा ऐकू येतो."

पॅकीने टोपी घातली आणि तो निघून गेला.

पहिल्या गुरुवारी तो उंबऱ्यातूनच दोन शब्द बोलला. पुढे वाक्ये लांबत गेली. सप्टेंबरात शेगडीवर आमच्यासाठी चहाची किटली होती आणि पॅकीने दाढी केली होती. परगावचे सायकलवालेही आता त्याच्या दारात थांबतात. तो त्यांचे टायर अंगठ्याने दाबून पाहतो आणि विचारतो, "चीक भरलाय का आत? हवा कमी करा, नाहीतर मणके जातील." हे सगळे तो आमच्याकडून शिकला, पण सांगतो असे की जणू आजोबांपासून चालत आले आहे. डिम्प्ना मान डोलावते.

त्या दिवशी ती गप्प राहिली असती तर साखळी आजही तिथेच असती, आणि मी खिडकीशी. रोजच्या प्रार्थनेत मी तिचे नाव घेते, हल्ली त्याच्यामागून पॅकीचेही.

आता नोव्हेंबर आहे. गुरे गोठ्यात आहेत. फाटके उघडी असली काय, बंद असली काय, कोणाचे काही अडत नाही. तरी काल आम्ही विचारायला थांबलो. पॅकीने आभाळाकडे पाहिले, जरा विचार केला.

"वरचं बंद ठेवा," तो म्हणाला. "खालच्याचं मी अजून ठरवलेलं नाही. आत या."